प्लासा देल सोलच्या रहिवाशांनी मोजलेला आवाज
'स्मार्ट शहरांच्या प्रयोगांत नागरिक केवळ विदा (डेटा) पुरवणारे उरतात' हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. मात्र बार्सिलोनाच्या प्लासा देल सोल या चौकाचे उदाहरण चर्चेत यायला हवे. रात्रीच्या गलक्याने त्रासलेल्या तेथील रहिवाशांनी २०१७ च्या सुमारास 'मेकिंग सेन्स' या युरोपीय प्रकल्पात सहभागी होऊन, फॅब लॅब बार्सिलोना या डिजिटल निर्मितीच्या प्रयोगशाळेत विकसित झालेले, आवाज मोजणारे संवेदक (सेन्सर) स्वतःच्या सज्जांत बसवले, ते हाताळायला शिकले आणि आवाज जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींहून अधिक असल्याचे आकड्यांनिशी दाखवून दिले. काय मोजायचे हे येथे त्यांनीच ठरवले, आणि मला हाच कळीचा फरक वाटतो. पुढे नगरपालिकेने कचरागाड्यांच्या वेळा बदलल्या आणि लोक रात्री जेथे बसत, त्या पायऱ्यांवर फुलझाडे लावली.