चार रुपयांचा शेअर घ्यावा का?

*ए-३०४, काका*
नमस्कार मंडळी. विषय ग्रुपच्या बाहेरचा आहे, सेक्रेटरीसाहेबांना विचारून टाकतोय. चाकणकडची गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक छोटी कंपनी आहे. काही वर्षांपूर्वी शेअर नव्वदला होता, आज चार रुपये. कर्ज थकलंय, पण बँकांशी तडजोडीची बोलणी चालू आहेत. ग्रॅच्युइटीचे पैसे आलेत, त्यातले दोन लाख घालावेत असं मनात आहे. ऑर्डरी चांगल्या आहेत, कंपनी तरेल असं वाटतं. नाव मुद्दाम देत नाही, माझ्यामुळे कुणी घ्यायला नको.

*सी-१०१*
काका, मी तर घ्या म्हणेन. आपल्या हडपसरची पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन बघा. २०२० मध्ये शेअर दोन रुपयांच्याही खाली होता, सप्टेंबर २०२४ मध्ये ८६ झाला. तेव्हाही सगळे बुडीत कंपनी म्हणत होते.

*डी-५०३*
बरोबर. आणि खाद्यतेलवाली रुची सोया? सतरावरून दीड हजार, तेही सहा महिन्यांच्या आत.

*बी-६०२, सीए ताई*
काका, घाई करू नका. दोन्ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धी सांगितली गेली.

सुझलॉनचा शेअर जानेवारी २००८ मध्ये, आजच्या दोन रुपये दर्शनी किमतीच्या हिशेबाने, ४०० च्या वर होता. बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची आरईपॉवर या कंपन्या विकत घेताना कर्ज वाढलं, मग जगभर मंदी आली. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांचे सुमारे २० कोटी डॉलर फेडता आले नाहीत. २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकावी लागली. त्याच वर्षी सन फार्माचे दिलीप संघवी आणि त्यांच्या मंडळींनी १८ रुपये भावाने १८०० कोटी घातले. एवढा जाणता माणूस, एवढी रक्कम, आणि पाच वर्षांनी भाव दोनच्या खाली. तेव्हा ‘मोठा गुंतवणूकदार आलाय’ या बातमीवर विसंबू नका.

आता मुख्य गोष्ट. २००८ मध्ये सुझलॉनचे सुमारे १५० कोटी शेअर होते. आज १३०० कोटींच्या वर आहेत. प्रत्येक तडजोडीत, प्रत्येक वेळी पैसा उभारताना नवे शेअर निघाले. २०२२ चा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, तर पाच रुपयांना होता. २०२४ मध्ये कंपनीचं बाजारमूल्य एक लाख कोटींच्या पुढे गेलं, म्हणजे २००८ च्या शिखरापेक्षाही जास्त. भाव मात्र ८६. कंपनी पूर्वीपेक्षा मोठी झाली, पण शिखरावर घेऊन धरून ठेवलेल्याचे पैसे काही परत आले नाहीत.

रुची सोयाचं तर आणखी स्पष्ट आहे. २०१९ मध्ये पतंजलीने ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून घेतली, तेव्हा जुन्या भागधारकाच्या १०० शेअरचा एक झाला. भाव चढला तो त्यानंतर, आणि तेव्हा लोकांच्या हातात जेमतेम एक टक्का शेअर होते, म्हणून थोड्या खरेदीनेही भाव उडायचा. घरकर्ज देणाऱ्या डीएचएफएलमध्ये तेही नाही. २०२१ मध्ये पिरामलने ती घेतली, धंदा चालू राहिला, शेअरची किंमत शून्य धरून तो बाजारातून काढला. शेवटपर्यंत लोक तो विकत घेत होते, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून काका, कंपनी तरेल का हा तुमचा प्रश्न अर्धाच आहे. तरली तर तुमच्या हातात तिचा किती हिस्सा उरेल, ते आधी बघा. तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगारांची थकबाकी रांगेत पुढे, भागधारक सगळ्यात शेवटी. दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये तसं लिहिलेलंच आहे.

*डी-२०५, वहिनी*
ताईंचं पटलं. आमच्याकडे कंपन्यांना माल पुरवायचा धंदा आहे. कंपनीला पैशांची ओढ लागली की पहिल्यांदा पुरवठादाराचं पेमेंट लांबतं. साठ दिवसांचे नव्वद होतात, नव्वदचे दीडशे. एका ठिकाणी आमचे बरेच पैसे अडकले, आणि पेपरात मात्र त्या कंपनीच्या नव्या ऑर्डरींच्या बातम्या येत होत्या. काका, ऑर्डरी आहेत एवढ्याने काही कळत नाही. माल घ्यायलाच पैसे नसले तर ऑर्डर पुरी कशाच्या जोरावर करणार?

*बी-६०२, सीए ताई*
वहिनींनी नेमकं सांगितलं. वार्षिक अहवालात देणी किती जुनी आहेत याचा तक्ता असतो, लघुउद्योगांची थकबाकी वेगळी दाखवावी लागते. तो आधी उघडा. मग ऑडिटरचा अहवाल, ‘गोइंग कन्सर्न’बद्दल, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील की नाही याबद्दल, शेरा आहे का. प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत ते दर तिमाहीला एक्स्चेंजच्या साइटवर येतं.

*सी-१०१*
ताई, पण सगळं स्वच्छ झाल्यावर शेअर चाराला मिळणार नाही ना?

*बी-६०२, सीए ताई*
नाही मिळणार, दहाला मिळेल. मी दहाला घेईन. चार ते दहा हा टप्पा हुकला तरी चालेल, कारण त्याच टप्प्यात शंभराचा एक होतो. तुझी नोकरी आहे, तू पाच हजार घाल, माझी हरकत नाही. काकांचे पैसे पुन्हा येणार नाहीत. शिवाय असा शेअर पडायला लागला की रोज लोअर सर्किट लागतं, म्हणजे त्या दिवशी भाव आणखी खाली जाऊ देत नाहीत, आणि विकायला टाकला तरी घेणारा नसतो.

*ए-३०४, काका*
सगळ्यांचे आभार. मुलाला बसवून आत्ताच बघितलं. प्रवर्तकांचे तीन चतुर्थांशाहून जास्त शेअर गहाण आहेत, ऑडिटरचा शेराही आहे. दोन लाख एफडीतच राहू दे. पण कंपनीवर लक्ष ठेवायचंय. बँकांना कर्जाच्या बदल्यात शेअर देणार का, हे आधी कुठे कळेल?

*बी-६०२, सीए ताई*
भागधारकांच्या सभेच्या नोटिशीत. असे शेअर द्यायला साधारणपणे विशेष ठराव लागतो. किती शेअर, कोणाला, काय भावाने, आणि नंतर कोणाचा हिस्सा किती, सगळं त्यात असतं. नोटीस आली की मला पाठवा, रविवारी खाली क्लबहाउसमध्ये बसून वाचू.