अमेरिकेत कॉलेज सॉफ्टबॉलच्या हेड कोचचं करिअर कसं घडतं?

शॉर्टस्टॉप६:
ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पॅटी गॅसो यांनी २०२१ ते २०२४ सलग चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, एकूण आठ. वाचायला मिळतं ते एवढंच. ही मंडळी येतात कुठून, वर्षभर करतात काय, आणि इतक्या सामन्यांत पिचर (चेंडू टाकणाऱ्या मुली) टिकवतात कशा? आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा आली की शिबिर लावायचं, संघ पाठवायचा, की कोच मोकळा. त्यांच्याकडचं इथे काय उचलता येईल?

डगआऊट:
आठ विजेतेपदांच्या मधली रिकामी वर्षं आधी बघा. गॅसो १९९५ मध्ये ओक्लाहोमाला आल्या. सुरुवातीला होम सामने नॉर्मन गावातल्या रीव्ज पार्कमध्ये, म्हणजे सार्वजनिक बागेतल्या मैदानावर. पहिलं विजेतेपद २०००, सहाव्या हंगामात. दुसरं थेट २०१३ मध्ये! त्यातही २००५ ते २०१० ही सहा वर्षं संघ शेवटच्या आठांतही नव्हता. मग २०१६, २०१७ आणि पुढची ती चार. विद्यापीठाने मधल्या काळात कोच बदलला असता तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं. ४,२०० आसनांचं लव्ह्ज फील्ड २०२४ मध्ये उघडलं, तोवर सात विजेतेपदं घरात आली होती. आधी मैदान आणि मग यश, असा क्रम नव्हता.

येतात कुठून? गॅसो त्याआधी लाँग बीच सिटी कॉलेजला होत्या. ॲरिझोनाचे माइक कँड्रिया (त्यांचीही आठ, १९९१ ते २००७) सेंट्रल ॲरिझोना कॉलेजमधून आले. दोन्ही तिथली ज्युनियर कॉलेजं. आपलं अकरावी-बारावीचं नव्हे बरं का, बारावीनंतरचं दोन वर्षांचं. तिथे मुलगी जेमतेम तयार होते आणि निघून जाते, त्यामुळे दरवर्षी अर्धा संघ नव्याने बांधावा लागतो. शिवाय हाताखाली माणसं कमी, म्हणून पिचिंग, बॅटिंग, मैदानाची आखणी, बसचं बुकिंग सगळं कोचच्याच अंगावर. याहून चांगली शाळा नाही.

स्कोअरबुक:
वर्षाचं गणित असं. हंगाम फेब्रुवारीत सुरू, नियमित सामने जास्तीत जास्त ५६. मग ६४ संघ, चार-चारांचे १६ गट, त्यातून १६ संघांच्या आठ जोड्या, आणि शेवटचे आठ ओक्लाहोमा सिटीला. तिथे दोन पराभव झाले की घरी, अंतिम फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकायचे.

हंगामात सराव-सामने मिळून आठवड्याला २० तास, दिवसाला चार, एक दिवस पूर्ण सुट्टी. हंगामाबाहेर फक्त आठ तास. त्यामुळे सरावाचा कागद मिनिटांवर लिहिलेला असतो. मैदानावर रांगेत उभी राहिलेली मुलगी म्हणजे वाया गेलेली मिनिटं. हे मात्र इथे उद्यापासून करता येईल: १८ मुली असतील तर तीन ठिकाणं, प्रत्येकी सहा जणी, १५ मिनिटांनी बदल.

उरलेला वेळ खातं रिक्रूटिंग, म्हणजे शाळांतून नव्या खेळाडू हेरणं. अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरआधी कोचने मुलीशी थेट बोलायचं नाही, म्हणून त्याआधी नुसतं बघायचं. आता दुसऱ्या कॉलेजातून बदली घेऊन येणाऱ्याही पुष्कळ. २०२४ च्या अंतिम स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू केली मॅक्सवेल शेजारच्या ओक्लाहोमा स्टेटमधून आली होती. संघ चार वर्षांत घडतो हे गणित त्यामुळे मोडलं.

राइजबॉल:
पिचरबद्दल. अंडरआर्म टाकण्याने खांद्याला काही होत नाही, हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज. होतं, आणि पुढच्या बाजूला, बायसेप्सच्या मुळाशी जास्त. एकीलाच सलग चार दिवस टाकायला लावलं की आधी जातो तो वेग नव्हे, राइज (बॅटरजवळ वर चढणारा चेंडू). चेंडू छातीच्या वर चढायचा तो कमरेला सपाट येऊ लागतो. कॅचरला हे सगळ्यात आधी कळतं, तिला विचारा.

वहीत फक्त सामन्यातले चेंडू मोजू नका. वॉर्म-अपचे ६० आणि सामन्यातले १०० म्हणजे १६०.

मुद्दा नुसत्या थकव्याचा नाही. पिचिंगचं अंतर ४३ फूट. ताशी १०५ किलोमीटरने आलेला चेंडू बॅटरपर्यंत ०.४ सेकंदाच्या आसपास पोचतो, म्हणून पहिल्या वेळी ती चुकते. तिसऱ्या वेळी तिला हात वाचता येतो. १९ वी बॅटर आली की लाइनअपची (नऊ बॅटरच्या ठरलेल्या क्रमाची) तिसरी फेरी सुरू, तिच्या आधीच दुसरी पिचर गरम झालेली हवी. २०२३ मध्ये ओक्लाहोमाने (६१ विजय, एक पराभव) जॉर्डी बाल, निकोल मे आणि ॲलेक्स स्टोराको अशा तिघींवर काम वाटलं. तीन नसल्या तर दोन चालतील, पण एक राइज टाकणारी असेल तर दुसरी ड्रॉपची (ऐनवेळी खाली बुडणाऱ्या चेंडूची) हवी. सारख्याच दोघी असल्या तर बदलून बॅटरला फरक पडत नाही.

स्कोअरबुक:
याला जोडून डीपी-फ्लेक्स, म्हणजे एकीऐवजी दुसरीने (डीपी, डेझिग्नेटेड प्लेयर) बॅटिंग करायचा नियम. स्थानिक सामन्यांत इथे हमखास घोळ होतो. लाइनअपला दहा नावं, फ्लेक्स (बहुधा पिचर) दहावी, तिच्याऐवजी डीपी बॅटिंग करते. फ्लेक्सला बॅटिंगला आणायचं तर फक्त डीपीच्याच क्रमांकावर. तसं केलं की डीपी बाहेर गेली असं धरतात, आणि सुरुवातीच्या संघातल्या कुणालाही परत येण्याची संधी एकदाच. दुसऱ्या इनिंगला हौसेने पिचरला बॅट दिली, पुढच्या वेळी डीपी परत आली, की तिची संधी संपली. सातव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला हात चोळत बसायचं. बदल करताना अंपायरला क्रमांक सांगा, नुसतं नाव नको.

तिसरा_बेस:
डगआऊट, ज्युनियर कॉलेज हाच रस्ता असं म्हणता येणार नाही. मिशिगनच्या कॅरल हचिन्स तिथेच आधी सहायक होत्या, मग १९८५ ते २०२२ हेड कोच. राष्ट्रीय विजेतेपद एकच, २००५ चं, पण मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या संघाने जिंकलेलं ते पहिलं. तिकडे थंडी इतकी, की हंगामाचे सुरुवातीचे आठवडे दक्षिणेत फिरतीवरच जातात. टिम वॉल्टन तर गॅसो यांचेच सहायक होते, पुढे फ्लोरिडाला २०१४ आणि २०१५ जिंकले.

डगआऊट:
मान्य. सहायकाचा रस्ता मी विसरलो. आणि गंमत बघा, ओक्लाहोमाने सलग ७१ विजयांचा जो विक्रम केला, तो आधी ४७ चा होता, कँड्रियांच्या ॲरिझोनाचा.

शॉर्टस्टॉप६:
सगळ्यांचे आभार. माझ्याकडे एकच पिचर आहे आणि स्पर्धेला सहा आठवडे. दुसरी कुठून काढू?

राइजबॉल:
शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्ड या क्षेत्ररक्षणाच्या जागांवर जिचा हात सगळ्यात मोकळा, ती निवडा. सहा आठवड्यांत राइज येणार नाही, त्याच्या मागे लागू नका. फक्त ड्रॉप आणि चेंज-अप (त्याच हालचालीत टाकलेला संथ चेंडू), गुडघ्याच्या उंचीवर दोरी बांधून, रोज ५० चेंडू, एक दिवस सुट्टी. तिने सामन्यात दोन इनिंग काढल्या तरी तुमची पहिली पिचर उपांत्य फेरीला ताजी राहील.