मदत हवी आहे : दाढ काढल्यावर बाबांची बिडी कशी थांबवू?

परवा सकाळी बाबांची खालची दाढ काढली. वय ६४, गेली चाळीस वर्षं बिडी. डॉक्टरांनी बजावलं होतं की निदान ३ दिवस बिडी नाही, चूळ जोरात भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. त्यांनी कारणही नीट सांगितलं : दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्याखाली जखम भरते. झुरका ओढताना ती गुठळी निघू शकते आणि निकोटिनमुळे हिरडीचा रक्तपुरवठाही कमी होतो. मग हाड उघडं पडतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात.

बाबांनी काल रात्रीच गच्चीवर जाऊन दोन बिड्या ओढल्या. आज दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलंय, कानापर्यंत ठणका जातोय, तोंडाला वासही येतोय. संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात नेतेच आहे, त्यामुळे औषध विचारत नाहीये.

विचारायचं ते वेगळंच. तुमच्या घरात असं कुणी असेल तर हे दिवस कसे काढलेत? आई म्हणते, बिडी नाही तर थोडी मिश्री लावू दे. मला ते अजिबात पटत नाही, तंबाखूच ना ती, तीही ओल्या जखमेजवळ! निकोटिनचा पॅच कुणी डॉक्टरांना विचारून वापरला आहे का? च्युइंगगम तर आत्ता चावताच येणार नाही. सकाळच्या चहानंतरची तलफ सगळ्यात वाईट असते. त्या वेळी त्यांना कशात गुंतवू?

रागावून बघितलं, ते लपून ओढतात. कृपया अनुभव सांगा.