दुसरी गाडी घ्यावी की बसने जावे? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२: नमस्कार. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि आमच्या जाण्याच्या दिशा वेगळ्या आहेत, त्यामुळे दुसरी गाडी घेण्याचा विचार चालू आहे. जे रोज बसने जातात, त्यांचे मत कळल्यास बरे होईल.

ए-१०३: नमस्कार दादा. मी बसने जाते. माझ्या मते तिकिटाशी तुलना करताना आपण फक्त पेट्रोलचा खर्च धरतो. विमा, सर्व्हिसिंग, टायर आणि दरवर्षी उतरत जाणारी गाडीची किंमत हिशोबात येतच नाही. तुमच्या पहिल्या गाडीवरचा बराचसा खर्च होऊन गेला आहे, तेव्हा ती आज घरी ठेवली तरी फारसे वाचणार नाही. दुसरीचा मात्र सगळाच खर्च अजून व्हायचा आहे, म्हणून पूर्ण हिशोब मांडायची वेळ आताच आहे.

सी-२०१: ताई, पैशांचे पटले, पण वेळेचे काय? वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी बस असते. प्रत्यक्षात बराच वेळ एकही येत नाही आणि मग दोन एकापाठोपाठ येतात. शिवाय माझ्या वडिलांना फिजिओथेरपीसाठी न्यावे लागते. त्यांना बसची पायरी चढवत नाही.

ए-१०३: काका, वडिलांसाठी गाडीच हवी, त्यात दुमत नाही. दोन बस एकदम येतात, त्याचे कारण असे की एखादी बस सिग्नलला थोडी अडकली, की पुढच्या थांब्यावर तेवढे जास्त लोक जमतात, त्यांना चढायला वेळ लागतो आणि ती आणखी मागे पडते. मागच्या बसला मात्र थांबे रिकामे मिळतात, त्यामुळे ती पहिलीला गाठते. बससाठी वेगळी मार्गिका असेल, तर हा त्रास बराच कमी होतो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रवासी संख्येचा मुद्दा. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली मांडले होते की प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि फेऱ्या वाढल्या की सर्वांचेच थांबणे कमी होते. दर वीस मिनिटांची बस दर दहा मिनिटांनी येऊ लागली, तर सरासरी दहा मिनिटांची वाट पाच मिनिटांवर येते. गर्दीच्या रस्त्यावर गाडीचे नेमके उलट होते, कारण तिथे आलेली प्रत्येक नवी गाडी मागच्या सगळ्यांचा वेळ थोडा वाढवते. म्हणूनच, ज्यांना शक्य आहे त्यांनी बसने जावे, असे मी मनापासून सांगते.

डी-३०४: बसमध्ये वाचन होते असे म्हणतात, पण ते बसायला जागा मिळाली तरच. उभ्याने तासभर जायचे असेल, तर थकवा येतो, हेही लक्षात घ्यावे.

ए-१०३: अगदी खरे आहे. त्यामुळे बुकिंग करण्याआधी, दादा, दोघांपैकी एकाने महिनाभर बसने जाऊन पाहावे.

बी-४०२: सर्वांचे आभार. पत्नीची शिफ्ट रात्री उशिरा संपते आणि त्या वेळी फेऱ्या फार कमी असतात, म्हणून गाडी तिच्याकडे राहील. माझ्या ऑफिसची वेळ ठरलेली आहे, तेव्हा सोमवारपासून मी बसने जाईन आणि बुकिंग महिनाभर पुढे ढकलतो. सकाळी साडेआठच्या सुमारास थांब्यावर आपल्यापैकी कोणी असते का, ते कृपया कळवावे.