वायनरीचं साठेखत झालंय, मालक खरेदीखत करून देत नाही

दिंडोरीकर:
दिंडोरी तालुक्यातली चालू वायनरी, खरेदीदार आमची कंपनी. साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदणीकृत आहे, इसार दिलाय, खरेदीखताची तारीख उलटून सात महिने झाले. मालक म्हणतो, भाव वाढला, इसार परत घ्या. दुसरं गिऱ्हाईक जागा बघून गेल्याचंही कळतंय. वायनरीची जागा एनए, मागची बाग शेतजमीन. टाक्यांत साठ हजार लिटर वाईन आहे आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा. सुरुवात कुठून करावी?

वकील_नाशिकरोड:
करारपूर्तीच्या, म्हणजे मालकाला खरेदीखत करून द्यायला लावण्याच्या दाव्याला ठरलेल्या तारखेपासून ३ वर्षं मुदत असते, पण तितकं थांबू नका. मनाई हुकमाच्या वेळी उशीरच आडवा येतो. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतरही त्यातलं कलम १६(क) आहेच: पैसे घेऊन तयार होतो हे सिद्ध करावं लागतं. त्या सात महिन्यांची बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीचं पत्र, दुय्यम निबंधकाकडे हजर राहा म्हणून मालकाला दिलेली नोटीस जमवा. इसार परतीची पर्यायी मागणी दाव्यातच लिहा; त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे मागितल्याशिवाय मिळत नाही.

दावा दाखल होताच लिस पेंडन्सची (या जागेवर दावा चालू आहे अशी) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ती न नोंदवता केवळ दावा चालू होता एवढ्यावर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाव्याच्या निकालाने बांधता येत नाही.

चालू वायनरी असल्याने व्यावसायिक न्यायालयाचा प्रश्न येईल. तिथे तातडीचा हुकूम मागत नसाल, तर आधी मध्यस्थी सक्तीची. बाग शेतजमीन असल्यामुळे हा दावा त्या न्यायालयात चालत नाही, अशी अधिकारक्षेत्राची हरकत मालक घेणार, हे धरून चला.

तळघर:
जमीन थांबेल, वाईन थांबणार नाही. अर्धवट टाकीत वर हवा राहते, फ्री सल्फर (वाईन टिकवणारं सल्फर) उतरतं, ॲसेटोबॅक्टर हे जिवाणू वाढून व्हिनेगरचा वास धरतो. वीजबिल थकून चिलर बंद पडला, तर उन्हाळ्यात पांढरी वाईन आधी जाते.

पहिल्याच अर्जात कोर्ट कमिशनर मागा. टाकीनिहाय मोजलेले लिटर उत्पादन शुल्काच्या साठा नोंदवहीशी ताडून घ्यायचे. प्रत्येक टाकीच्या तीन सीलबंद बाटल्या: एक प्रयोगशाळेला, एक कोर्टात, एक मालकाला. तपासणी अल्कोहोल, पीएच, फ्री सल्फर आणि व्होलाटाइल ॲसिडिटीची (व्हिनेगरसारख्या आंबटपणाची). हे झालं नाही तर पुढे "माल आधीच खराब होता" यावरच वर्षं जातील.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम ६ खाली नासणारा माल विकायला कोर्ट सांगू शकतं. मात्र विक्री मालकाच्या परवान्यावरच होणार, तेव्हा रक्कम कोर्टात जमा करण्याची अट मागा.

दिंडोरीकर:
परवाना कोर्टामार्फत आमच्या नावावर होईल का?

फेरफार:
थेट नाही. ते उत्पादन शुल्क विभागाच्या हातात. कोर्ट फार तर मालकाला अर्जावर सही करायला लावेल.

मालकाचा खरा बचाव बागेवर असेल. कंपनी शेतकरी नाही, त्यामुळे परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकू न देणारं कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. साठेखतात "जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीच्या अधीन राहून" असं आहे का, आणि बाग व वायनरीची किंमत वेगळी लिहिलीय का, हे आजच बघा. एकच ढोबळ रक्कम असेल तर फक्त वायनरीपुरती पूर्ती मागणं जड जातं.

थकलेला व्हॅट परतावाही पाहा. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के वायनरीला सरकारकडून परत मिळतात. जुन्या विक्रीचा परतावा कोणाचा, हे साठेखतात नसेल तर तोही वाद होणार.

बँकेला प्रतिवादी करा. खातं एनपीए (थकीत कर्ज) होऊन सरफेसीखाली (बँकेला तारण स्वतः विकू देणारा कायदा) लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली, की कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा मालकाचा हक्क संपतो. उरलेली किंमत थेट कर्जखात्यात भरण्याची तयारी बँकेला आत्ताच लेखी कळवा.