तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी नेमके कोणाचे होते?

वसुधा: '१७८९ साली व्हर्सायला तिसऱ्या वर्गाच्या रूपाने फ्रान्सची सारी जनताच बसली होती,' असे कालच्या एका लेखात वाचले आणि राहवले नाही. राजाने बोलावलेल्या त्या सभेत धर्मगुरूंचा पहिला वर्ग, उमरावांचा दुसरा आणि बाकी सगळ्यांचा तिसरा. या तिसऱ्या वर्गाच्या सुमारे ६०० प्रतिनिधींत भरणा होता तो वकिलांचा आणि न्यायालयीन अधिकाऱ्यांचा. शेतात राबणारा माणूस जवळजवळ नव्हताच. गावोगावी पंचवीस वर्षांवरील करदात्या पुरुषांनी सभा भरवून आपली गाऱ्हाणी वहीत उतरवली, हे मान्य. परंतु दोनशे उंबऱ्यांपर्यंतच्या गावाला दोनच प्रतिनिधी मिळत, ते वरच्या सभेत जात, आणि तिथे सगळ्या वह्यांची मिळून एक वही करण्याचे काम कायदा जाणणाऱ्यांच्या हाती पडे. उमरावांची कबुतरे पेरलेले दाणे टिपून नेतात, ही तक्रार या गाळणीतून वर कशी पोचणार?

अनिकेत: पोचली. उमरावांचे हक्क रद्द करणाऱ्या, याच सभेच्या ऑगस्ट १७८९च्या हुकमांतील दुसरे कलमच कबुतरखान्यांच्या हक्काविषयी आहे. कृपया ते वाचावे. मूळ अन्याय मतदानाच्या पद्धतीत होता. डिसेंबर १७८८मध्ये तिसऱ्या वर्गाच्या जागा दुप्पट झाल्या, पण दर वर्गाला एकच मत राहिले असते, तर ६०० काय आणि ६००० काय, निकाल दोनास एक असाच लागला असता. १७८९च्या ५ मेपासून १७ जूनपर्यंत वेगळे बसण्यास नकार देऊन हे लोक अडून राहिले. राजासमोर कार्यपद्धतीवर भांडायला वकील नकोत, तर कोण हवेत?

वसुधा: ते कलम वहीमुळे आले नाही. जुलैत शेतकऱ्यांनी उमरावांच्या गढ्या जाळल्या, हक्कांची दप्तरे पेटवली, म्हणून ते आले. आपण कलमे मोजता, त्यामागची आग पाहत नाही.

मिलिंद: मिठाचा विषय कोणीच का काढत नाही? मी तीन वर्षे पश्चिम फ्रान्समधल्या लाव्हाल गावी राहिलो. क्रांतीपूर्वी तिथे मिठावरचा कर जबर, आणि शेजारच्या ब्रिटनी प्रांताला तो लागूच नव्हता. माझ्या घरमालकीणबाईंनी मला गावाबाहेरची एक पायवाट दाखवली होती. त्यांच्या घरात चालत आलेल्या आठवणीप्रमाणे तिथून कुत्र्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या बांधून रात्री सोडत. जबर कराच्या प्रांतांत आठ वर्षांवरील प्रत्येकामागे वर्षाला सुमारे सात पौंड मीठ सरकारी कोठारातून घेणे सक्तीचे होते, आणि तेही फक्त स्वयंपाकाला व ताटाला. मांस खारवायचे, तर पुन्हा वेगळे विकत घ्या! पकडला गेलेला गरीब गलबतावर वल्ही मारायला जाई. असंख्य वह्यांत हा कर रद्द करण्याची मागणी आहे. ती वकिलांनी गाळली नाही.

वसुधा: गाळली नाही, हे मान्य करते. पण आपण सांगता त्या मिठाचा कर रद्द व्हायला मार्च १७९० उजाडला, आणि तोवर बऱ्याच ठिकाणी लोकांनी तो देणेच थांबवले होते.

अनिकेत: मिठाने मूळ प्रश्न विरघळवू नये. १३ जून १७८९ला प्वातू प्रांताचे तीन ग्रामधर्मगुरू आपला वर्ग सोडून तिसऱ्या वर्गात येऊन बसले. बिशपांच्या थाटाशी तुलना करता ज्यांचे पोट वर्षाला ७०० लिव्रवर (तेव्हाचे फ्रेंच नाणे) भागे, त्यांना आपले माणूस कोण, ते त्या सभागृहात दिसले होते.

वसुधा: त्या तिघांविषयी माझ्याही मनात आदर आहे. मात्र त्याच सभागृहाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठरवले, की तीन दिवसांच्या मजुरीइतका थेट कर भरणाऱ्यालाच मत मिळेल. मजुराचे नाव त्या यादीत कुठे होते, हे आपण अजून सांगितलेले नाही.