ऑक्झालिप्लॅटिन सुरू होत आहे: थंडी, मुंग्या आणि घरी नेण्याचा पंप यांबाबत मार्गदर्शन हवे

कादवाकाठ यांचा प्रश्न:

माझ्या वडिलांच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया गेल्या महिन्यात झाली. त्यांचे वय ६१ आहे. गाठ पूर्ण निघाली असली तरी काही लसिका ग्रंथींमध्ये कर्करोगाच्या पेशी आढळल्यामुळे हा तिसरा टप्पा असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि दर पंधरा दिवसांनी फोल्फॉक्स नावाची केमोथेरपी सहा महिने द्यायचे ठरले आहे. छातीत पोर्ट (शिरेत औषध सोडण्यासाठी त्वचेखाली बसवायचे छोटे साधन) बसवून झाला आहे. त्यातील ऑक्झालिप्लॅटिन हे औषध रुग्णालयातच दोन तासांत दिले जाईल आणि त्यानंतर फाइव्ह-एफयू या दुसऱ्या औषधाचा पंप लावून घरी सोडतील, तो दोन दिवसांनी काढून घ्यायला परत जायचे आहे. "थंड काही देऊ नका आणि ताप आला की लगेच या" एवढे आम्हाला सांगण्यात आले, पण ओपीडीतील गर्दीत पुढचे विचारायचे राहून गेले.

आम्ही निफाड तालुक्यात राहतो. येथे ऐन थंडीत काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली जातो. नाना आयुष्यभर द्राक्षबागेत राबले आहेत. शेतीची वीज रात्रीची असली की ते अजूनही बागेला पाणी द्यायला स्वतः उठतात, शिवाय गोठ्यात दोन गाई आहेत. दुखले-खुपले तरी बोलून दाखवायचे नाही, हा त्यांचा स्वभाव आहे. थंडीचा नेमका काय त्रास होतो आणि तो किती दिवस राहतो? हातापायांच्या मुंग्या कायमच्या राहतात असे ऐकले, ते खरे आहे का? माझी पत्नी गरोदर आहे, तेव्हा पंप घरी असताना तिने कोणती काळजी घ्यावी? प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचा काढा द्यावा असे नातेवाईक आग्रहाने सांगत आहेत, तो चालेल का?

केमो_डेकेअर_सिस्टर यांचे उत्तर:

मी केमोथेरपी विभागात परिचारिका आहे. आपल्या वडिलांचे औषध, मात्रा आणि तपासण्या त्यांचे डॉक्टरच ठरवतील. मी लिहिते ते घरच्या काळजीपुरते आहे, असे समजून वाचावे.

ऑक्झालिप्लॅटिनमुळे थंडीचा जो त्रास होतो तो नेहमीच्या हुडहुडीसारखा नसतो. औषध गेल्यावर काही तासांतच हाताच्या, पायाच्या आणि ओठांभोवतीच्या नसा थंड स्पर्शाला विलक्षण संवेदनशील होतात. फ्रिजमधली दुधाची पिशवी हातात घेतली की बोटांत टाचण्या टोचल्यासारखे होते, पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकला की तळव्यातून कळ जाते, आणि पहिला घास चावताना जबड्यात अचानक दुखते. हा त्रास बहुतेक सर्वच रुग्णांना कमी-अधिक प्रमाणात होतो. सुरुवातीच्या फेऱ्यांत तो काही दिवसांत ओसरतो, पुढच्या फेऱ्यांत मात्र लांबत जातो.

सर्वांत जास्त घाबरवणारा प्रकार घशाचा असतो. थंड पाणी प्यायल्यावर किंवा गार वारा तोंडात गेल्यावर घसा आवळल्यासारखा वाटतो आणि श्वास येत नाही असा भास होतो. अशा वेळी प्रत्यक्षात प्राणवायूचे प्रमाण सहसा कमी झालेले नसते. कोमट पाणी घोट-घोट पाजावे, तोंडावरून मफलर घेऊन ऊबदार हवेत बसवावे आणि घाबरू न देता शांत ठेवावे. असे झाले तर पुढच्या फेरीला सांगणे आवश्यक आहे, कारण दोन तासांत द्यायचे औषध सहा तासांपर्यंत सावकाश देण्याचा मार्ग डॉक्टरांकडे असतो. मात्र त्याबरोबर अंगावर पित्त उठले, चेहरा सुजला, घरघर लागली किंवा चक्कर आली तर तो घशाचा भास नव्हे, ती ॲलर्जी असू शकते आणि तिथे एक मिनिटही थांबू नये. ऑक्झालिप्लॅटिनची ॲलर्जी बहुधा पहिल्या फेरीला नव्हे, तर पाच-सहा फेऱ्या सुरळीत पार पडल्यानंतर, औषध चालू असतानाच उद्भवते. म्हणून आठव्या वेळीही तळहाताला खाज सुटली, अंग तापल्यासारखे झाले किंवा घाम फुटला तर नानांनी तत्काळ सिस्टरला हाक मारावी. पोर्टच्या जागी जळजळ झाली तरीही तेच करावे.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. काही केमोंमध्ये तोंड येऊ नये म्हणून बर्फ चघळायला देतात आणि शेजारच्या खाटेवरचा रुग्ण तसे करताना दिसेल. ऑक्झालिप्लॅटिन घेणाऱ्याने मात्र ते करू नये.

आपल्याकडच्या थंडीत किमान पहिला आठवडा रात्रीचे पाणी देणे आणि पहाटेची मोटारसायकल पूर्ण बंद ठेवावी. प्यायला, आंघोळीला, हात धुवायला आणि चूळ भरायलाही कोमट पाणीच वापरावे. शेकोटीबद्दल मात्र सावध राहा. बोटे बधिर असली की धग जाणवत नाही आणि चटका बसल्याचे फोड आल्यावरच कळते. गरम पाण्याच्या पिशवीचेही तसेच आहे.

करवीर यांचे उत्तर:

मी हेच औषध घेतले आहे, म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. थंडीचा त्रास आणि मुंग्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंडीचा त्रास येतो आणि जातो. मुंग्या व बधिरपणा मात्र औषधाच्या एकूण साठणाऱ्या मात्रेबरोबर वाढत जातात, कारण प्लॅटिनम मज्जारज्जूजवळच्या संवेदी नसांच्या गाठींमध्ये साचते. फोल्फॉक्समध्ये शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला ८५ मिलिग्रॅम या मात्रेने औषध देतात आणि एकूण मात्रा दर चौरस मीटरला ७८० ते ८५० मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे नवव्या-दहाव्या फेरीच्या सुमारास पोचली की दैनंदिन कामात अडथळा आणणारा बधिरपणा अधिक रुग्णांत दिसू लागतो. मला शर्टाची बटणे लावताना त्याची पहिली जाणीव झाली. बटण बोटांत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नव्हते.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोझॅक या मोठ्या चाचणीत उपचारादरम्यान सुमारे १२ टक्के रुग्णांना तीव्र स्वरूपाचा त्रास झाला आणि वर्षभराने हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. मात्र चार वर्षांनंतरही सुमारे १५ टक्के रुग्णांमध्ये थोडाफार, बहुतांशी सौम्य बधिरपणा उरला होता. म्हणजे सर्वांचा त्रास कायमचा राहतो हे खरे नाही आणि सर्वांचा पूर्ण जातो हेही खरे नाही. औषध थांबल्यावरही पुढचे काही महिने मुंग्या वाढू शकतात, हे आधीच माहीत असलेले बरे, नाहीतर तेव्हा माणूस विनाकारण हादरतो.

म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे की नानांना बोलते करा. आपल्या मागच्या पिढीला सोसणे हा गुण वाटतो, पण येथे सोसण्याने नस कायमची जाऊ शकते. डॉक्टरांनी विचारल्यावर "ठीक आहे" म्हणून ते सांगणे टाळतील, तेव्हा आपणच प्रत्येक फेरीआधी पाहा: सदऱ्याची बटणे लावता येतात का, छाटणीची कात्री हातातून निसटते का, चालताना चप्पल पायातून निघाल्याचे कळते का, ट्रॅक्टरचा क्लच पायाला जाणवतो का. थंडीचा त्रास पुढची फेरी आली तरी गेलेला नसेल, तर तेही आवर्जून सांगा. अशा नोंदी वहीत लिहून नेल्या तर डॉक्टरांना वेळेवर मात्रा कमी करता येते किंवा ऑक्झालिप्लॅटिन थांबवता येते. पायांना बधिरपणा असेपर्यंत बागेत अनवाणी जाऊ देऊ नका आणि रोज रात्री तळवे पाहत जा.

नसांच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. दुकानात मिळणाऱ्या मिथाइलकोबालामिनच्या (ब-१२ जीवनसत्त्वाच्या) अनेक मिश्रणांत ॲसिटिल-एल-कार्निटिन असते. टॅक्सेन गटातील केमो घेणाऱ्या रुग्णांच्या चाचणीत त्याने बधिरपणा कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले आणि अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने ते घेऊ नये असे सांगितले आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियमची सलाइन पूर्वी प्रतिबंधासाठी देत असत, तीही २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निरुपयोगी ठरली. वेदना जास्त असेल तर डुलॉक्सेटिन या नसांच्या वेदनेवरील औषधाबद्दल डॉक्टरांना विचारता येईल.

औषधनिर्माता यांचे उत्तर:

ताप हा येथे सर्वांत तातडीचा विषय आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो. घरात चांगला थर्मामीटर ठेवा. तापमान १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक दिसले, अथवा थंडी वाजून अंग थरथरले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयाला फोन करून निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, कारण त्याने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग उतरत नाही. पांढऱ्या पेशी साधारण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत कमी असतात, त्या काळात गोठ्यातील शेण काढणे आणि खताचे काम दुसऱ्याने करावे. रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आजच ठरवून ठेवा.

पंपात एक फुगा असतो आणि तो सावकाश आकसत फाइव्ह-एफयू शरीरात सोडतो. नळीचा एक छोटा भाग त्वचेला चिकटवलेला असतो, त्याच्या तापमानावर प्रवाहाचा वेग अवलंबून असतो. म्हणून तो भाग मोकळा लोंबू देऊ नका आणि पंपाजवळ गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. छातीत दुखू लागले तर नळीचा क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) बंद करून थेट तातडीच्या विभागात जा, कारण फाइव्ह-एफयूमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावू शकतात. पहिल्याच फेरीनंतर जुलाब किंवा तोंडाचे फोड असह्य झाले तरी थांबू नका. काही व्यक्तींमध्ये हे औषध निकामी करणारे डीपीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते आणि त्यांना ते अतिशय बाधते. उपचारांपूर्वी ही तपासणी करण्याची शिफारस युरोपीय औषध नियामकाने २०२० मध्ये केली आहे. ती झाली आहे का, एवढे अवश्य विचारा.

आपल्या पत्नीने नानांजवळ बसणे, एका पंगतीत जेवणे, पाया पडणे यांत काहीही धोका नाही. मात्र पंप चालू असेपर्यंत आणि तो काढल्यानंतर ४८ तास नानांची लघवी, शौच, उलटी व त्यांनी माखलेले कपडे तिने हाताळू नयेत. ते काम इतरांनी हातमोजे घालून करावे आणि कपडे वेगळे, दोनदा धुवावेत. नानांनी लघवीलाही बसावे, नंतर भरपूर पाणी दोनदा टाकावे आणि कमोड असल्यास झाकण लावून फ्लश करावे. पंप गळू लागल्यास क्लॅम्प लावून, हातमोजे घालून, जुन्या कापडाने टिपून ते पिशवीत बंद करावे, त्वचा साबणाने धुवावी आणि रुग्णालयाला कळवावे. अशा वेळी पत्नीला त्या खोलीत येऊ देऊ नये.

गुळवेलीचा काढा कृपया देऊ नका. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. केमोमुळे यकृतावर आधीच ताण असतो आणि त्यात काढ्याची भर पडली तर बिघाड कशाने झाला हे डॉक्टरांना ओळखता येत नाही.

कादवाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. वही आजच सुरू केली आहे. एकच शंका उरते. मुंग्या सांगितल्या आणि ऑक्झालिप्लॅटिन मध्येच थांबवले, तर आजार उलटण्याची भीती वाढणार नाही का? नाना गप्प राहतील ते याच भीतीने.

करवीर:

ही भीती मलाही होती, म्हणून तिचे उत्तर मी माझ्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतले. ऑक्झालिप्लॅटिन थांबले म्हणजे उपचार थांबत नाहीत. फाइव्ह-एफयू पुढे चालू ठेवता येते आणि या उपचाराचा मोठा आधार तेच आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आयडिया या अभ्यासात १२,८३४ रुग्णांमध्ये तीन आणि सहा महिन्यांच्या उपचारांची तुलना झाली. फोल्फॉक्स घेणाऱ्यांत मध्यम किंवा तीव्र बधिरपणा तीन महिन्यांत सुमारे १७ टक्क्यांना, तर सहा महिन्यांत सुमारे ४८ टक्क्यांना झाला. तीन वर्षे आजार न उलटलेल्यांचे एकूण प्रमाण दोन्ही गटांत ७५ टक्क्यांच्या आसपास होते. तथापि फोल्फॉक्सपुरते पाहिले तर सहा महिने थोडे सरस ठरले आणि कॅपॉक्स या, फाइव्ह-एफयूच्या पंपाऐवजी गोळ्या असलेल्या पर्यायात, विशेषतः कमी जोखमीच्या रुग्णांत, तीन महिने पुरेसे ठरले. त्यामुळे नानांच्या अहवालात गाठीची खोली आणि बाधित ग्रंथींची संख्या काय लिहिली आहे ते घेऊन बसा आणि डॉक्टरांना विचारा की कितव्या फेरीला थांबून फेरविचार करायचा. हा प्रश्न नानांच्या समोर विचारा, म्हणजे मुंग्या सांगितल्याने आपले उपचार तोडले जाणार नाहीत हे ते डॉक्टरांच्याच तोंडून ऐकतील.